४० मिमी स्प्रिंग आणि मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर
मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर गाडी ४० मिमी खाली आणणारी स्प्रिंग बिनधास्त चालते, हे काहींचं मत पटत नाही. बसते, पण बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणारं रबर) जागाच उरत नाही. गाडी दर खड्ड्याला त्या रबरावर आपटते आणि बोल मात्र स्प्रिंगला लागतो. २५-३० मिमीवर थांबलेलं बरं.

आणखी एक, कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) बुशचे, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू नका. चाकं टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी नुसते लावून ठेवा, चाकांवर वजन आल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, स्प्रिंग जरा बसल्यावर, शे-दोनशे किलोमीटरनंतर. त्यात कॅम्बरआधी (समोरून बघता चाकाचा कल) टो (वरून बघता चाकं आत की बाहेर वळलेली) बघा, टायर आतल्या कडेने खाणारा बहुतेकदा तोच.