मॉरिस मायनरचं पुढचं सस्पेन्शन: ट्रनियनची पिन भराव घालून चालेल का?

गडहिंग्लजकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९५५ची मॉरिस मायनर आहे. पुढची काच दोन तुकड्यांची, इंजिन ८०३ सीसी. आजोबा डॉक्टर होते, व्हिजिटला याच गाडीतून जायचे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन आणि ब्रेकचं काम झालंय, रंग शेवटी करणार. सध्या घोडं अडलंय ते पुढच्या सस्पेन्शनवर.

खड्ड्यातून गेलं की उजव्या पुढच्या चाकातून ‘टक्’ असा एकच आवाज येतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर बसलीय. त्याच बाजूच्या शॉकॲब्झॉर्बरखाली तेलाचा ओघळ आहे. गंमत अशी की जॅकवर उचलून चाक हलवलं तर प्ले जवळजवळ लागतच नाही.

आमचा मेकॅनिक म्हणतो, चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्या खालच्या टोकावर नटासारखा चढवलेला जो ट्रनियन, त्याचे आटे गेलेत. कोल्हापूरला उद्यमनगरात एका टर्नरला विचारलं. तो म्हणाला, पिन काढून आणा, वेल्डिंगचा भराव घालून नव्याने आटे पाडून देतो. हे करावं का? शिवाय हे जुने शॉकॲब्झॉर्बर काढून टाकून सरळ टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) बसवले तर? गाडी आंबा घाटातून रत्नागिरीला न्यायची फार इच्छा आहे, म्हणून काम पक्कं हवंय.

ॲम्बीवाला:
माझ्याकडे ॲम्बॅसडर आहे, तिलाही मायनरसारखाच पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा गज. भराव घातलेल्या पिना मी बघितल्यात, चालतात की. लेथवाला चांगला हवा, एवढंच. इंग्लंडहून पार्ट मागवून कस्टम्स भरत बसण्यापेक्षा इथेच करून घ्या.

जुना फिटर, पुणे:
ॲम्बीवाले, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे माझं मत ठाम उलट आहे. गडहिंग्लजकर, ती पिन कुठल्याही परिस्थितीत भरून घेऊ नका. आणि उलगडा होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नाही.

कारण समजून घ्या. बाकी बऱ्याच जुन्या गाड्यांत किंगपिन, म्हणजे चाक वळवणारी ही उभी पिन, साध्या गुळगुळीत बुशमध्ये फिरते. मायनरमध्ये पिनेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे आहेत, आणि त्यांवर नटासारखे ट्रनियन चढवलेले आहेत. स्टिअरिंग वळवलं की पिन त्या आट्यांत किंचित वर-खाली फिरते. आता वजन कुठून जातं ते बघा. टॉर्शन बार खालच्या आर्मला खाली दाबतो, खालचा आर्म खालच्या ट्रनियनला, आणि ट्रनियन पिनेला. म्हणजे त्या चाकावर येणारं गाडीचं वजन खालच्या ट्रनियनच्या आट्यांवर टांगलेलं आहे, आणि तेही ट्रनियन पिनेवरून उपसून काढण्याच्या दिशेने. आटे झिजून पातळ झाले की एक दिवस ट्रनियन सुटतो, चाक मडगार्डखाली आडवं होतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. बहुतेकदा हे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना, गाडी पार्क करताना घडतं. घाटात घडलं तर काय, ते मी लिहीत नाही.

भराव घातल्यावर पिन दिसायला नवी दिसेल. पण वेल्डिंगच्या उष्णतेने मूळ पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि भरावाच्या कडेला धातू ठिसूळ होतो. ज्या जागी सगळा ताण, नेमक्या त्याच जागी तडा जायला वाव. बरं, नव्या पिनेला जुना झिजलेला ट्रनियन चालत नाही, दोन्ही एकमेकांना जुळलेले लागतात. तुमच्या टर्नरच्या हातात कसब असेलही, मला शंका नाही. हे काम कसबाचं नसून धातूचं आहे.

प्ले का लागत नाही, तेही सांगतो. चाक लोंबकळत असताना टॉर्शन बारचा पीळ ट्रनियनला एका बाजूला दाबून धरतो. झीज लपून राहते. म्हणून जॅक चेसीला न लावता खालच्या आर्मखाली लावा, चाक जमिनीपासून जेमतेम सुटू द्या. मग टायरखाली एक लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर उचका आणि दुसऱ्या माणसाला खालच्या ट्रनियनवर बोट ठेवायला सांगा. पिन आणि ट्रनियन वेगवेगळे हललेले बोटाला कळतात. नंतर चाक वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर पिनेचा.

शॉकॲब्झॉर्बरचं म्हणाल, तर तो काढून टाकताच येत नाही! मायनरमध्ये त्याची दांडी हाच वरचा आर्म आहे. तो काढला तर चाकाला वरून धरणारं काही उरतच नाही. टेलिस्कोपिकचे किट मिळतात, पण त्यातही ही दांडी जागेवर ठेवावीच लागते. तुमच्या बाजूचा गळतोय, तर तेल भरून फसू नका. दांडी हाताने पुढे-मागे, म्हणजे तिच्या शाफ्टच्या दिशेने हलवून बघा. तिथे ढिलाई असेल तर आतलं बेअरिंग गेलंय, आणि मग वरचा आर्मच ढिला आहे. तो बदलून किंवा जाणकाराकडून पूर्ण रिकंडिशन करूनच बसवा.

कॉव्हेंट्रीकर:
फिटरकाकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी इथे मायनरच्या क्लबात आहे. इंग्लंडमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना याची तपासणी, सक्तीची नाही, त्यामुळे ट्रनियन बघायची जबाबदारी आता मालकावरच येते. क्लबात नव्या सभासदाला पहिला प्रश्न विचारतात तो ग्रीस कधी मारलंस हाच.

पार्टची काळजी करू नका. १९४८ ते १९७१ या काळात मायनर १६ लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचं जवळजवळ सगळं अजून नवं मिळतं. मागवताना गाडीचं साल आणि चेसी नंबर द्या, मॉडेलप्रमाणे पार्ट थोडे बदलतात. पिन आणि ट्रनियन जुळलेल्या जोडीतच घ्या, दोन्ही बाजूंचे. सोबत आयबोल्टचे (खालचा आर्म चेसीला धरणारा बोल्ट) रबर बुश आणि टाय-बारची (खालच्या आर्मला चेसीशी बांधणारी दांडी) रबरं मागवा, एकाच पार्सलात येतील. इथे बरेच विक्रेते जुना पार्ट परत मागतात आणि तोपर्यंत अनामत धरतात. भारतात पाठवणार असाल तर हे आधीच बोलून घ्या, जुनी पिन परत पाठवण्याचं कुरिअर अनामतीपेक्षा महाग पडू शकतं.

गडहिंग्लजकर:
काका, तुम्ही सांगितलंत तसं खालच्या आर्मखाली जॅक लावून टॉमीने उचकलं. बोटाला चांगलंच जाणवलं. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून ठेवलीय, पार्टची यादी कॉव्हेंट्रीकरांना पाठवतोय. आता उघडताना काय सांभाळू? आणि बसलेली बाजू उचलायला बार आत्ताच पिळून घेऊ का?

जुना फिटर, पुणे:
छान केलंत. बारला आत्ता हात लावू नका. आयबोल्टचं रबर गेलं असेल तरी ती बाजू बसते. आधी सगळी रबरं नवी पडू देत, गाडी थोडी चालू दे, मग उंची मोजा. तरीही फरक राहिला तर बारच्या मागच्या टोकाला लिव्हर आहे, तिथून जमवता येतं.

उघडताना सगळ्यात मोठा धोका पिळाचा. चाक काढलं तरी बार मोकळा झालेला नसतो. ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली घट्ट लावल्याशिवाय वरच्या ट्रनियनचा एकही नट सैल करू नका. वरचा ट्रनियन आणि टाय-बार सोडवला की जॅक अगदी सावकाश उतरवा. आर्म खाली जात जात एका जागी थांबेल, तिथे पीळ संपला. त्या वेळी आर्मच्या समोर कुणी बसायचं नाही.

बार काढायची वेळ आली तर आधी दोन्ही टोकांना रंगाने खूण करा: कुठली बाजू, पुढचं टोक कुठलं, दातात दात कुठे होता. वर्षानुवर्षं एकाच दिशेने पिळलेला बार दुसऱ्या बाजूला कधीच लावायचा नाही. आणि त्याला पाइप पाना लावू देऊ नका. पान्याच्या दाताचा एक ओरखडा पुरतो, तडा तिथूनच सुरू होतो. काढल्यावर गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवा. नट इंची मापाचे आहेत, मेट्रिक पाना लावून कोपरे गोल करून घेऊ नका.

जोडताना बघा, एका बाजूचे आटे उजवे आहेत, दुसऱ्या बाजूचे डावे. खालचा ट्रनियन पिनेवर पूर्ण चढवायचा, आणि मग थोडा मागे घ्यायचा, वळायला जागा राहील इतका. शेवटपर्यंत आवळलेला ठेवला तर स्टिअरिंग एका बाजूला अडेल आणि आटे नव्यानेच मरतील. स्टिअरिंगचा टाय-रॉड जोडायच्या आधी पिन हाताने दोन्ही लॉकपर्यंत, म्हणजे दोन्हीकडे वळण संपेपर्यंत, फिरवून बघा. लोण्यासारखी फिरली पाहिजे. कुठे अडली तर जबरदस्ती नाही, पुन्हा काढून बघायचं.

ग्रीस जोडतानाच आट्यांना भरून लावा, ग्रीस भरायच्या निपलवर विसंबू नका. पुढे ग्रीसगन मारताना चाक उचललेलं हवं. अर्धं ग्रीस एका लॉकला मारायचं, अर्धं दुसऱ्या लॉकला, आणि काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. जुन्या मॅन्युअलमध्ये दर १००० मैलांनी सांगितलंय. आपली धूळ आणि पावसाळा बघता मी त्याहून लवकरच मारेन. निपल चोंदलं असेल तर बदला, ते काही महाग नाही.

ॲम्बीवाला:
पटलं. माझ्याही गाडीखाली रविवारी टॉमी घेऊन शिरतो. एक विचारू? रबर बुशचे नट घोड्यांवरच आवळायचे ना?

जुना फिटर, पुणे:
नाही, बरं झालं विचारलंत. घोड्यांवर आर्म लोंबकळत असतो. त्या वेळी आवळलं की रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. नट हाताने लावायचे, चाकं चढवून गाडी जमिनीवर उतरवायची, पुढून चार-सहा वेळा दाबून उसळवायची, मग खाली शिरून शेवटचं आवळायचं आणि लगेच कॉटर पिना घालायच्या. अलाइनमेंट त्यानंतर. गडहिंग्लजकर, मायनरला टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूने किती आत वळलेली हवीत ते माप) ३/३२ इंच, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर. अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये ही गाडी सापडणार नाही, तेव्हा हा आकडा कागदावर लिहून सोबत न्या.