अथेन्समध्ये एकच दिवस: राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय पाहावे की अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आई-वडिलांना घेऊन ग्रीसला जाण्याचे ठरले असून अथेन्ससाठी आमच्या हाती जेमतेम एक दिवस आहे. वडील शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांचे वय 74 आहे आणि गुडघे दुखतात, तरीही अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी सकाळीच चढायची हा त्यांचा हट्ट कायम आहे. त्यानंतर एकच संग्रहालय नीट पाहता येईल. टेकडीच्या पायथ्याचे अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय सोयीचे आहे, परंतु वडिलांना पाहायचा असलेला, ग्रीक कथांतील ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांचा सेनापती असलेल्या अ‍ॅगॅमेम्नॉनचा सोन्याचा मुखवटा राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आम्ही कोठे जावे, आणि तीन तासांत काय पाहावे व काय सोडावे?

ओतकाम यांचा प्रतिसाद

माझे मत निःसंशय राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मुखवटा नसून तेथील मोठ्या कांस्यमूर्ती हे आहे. प्राचीन ग्रीसमध्ये कांस्यमूर्ती असंख्य होत्या, पण धातू पुन्हा वापरता येत असल्यामुळे पुढील शतकांत त्यांतील बहुतेक वितळवल्या गेल्या. म्हणूनच अनेक नामांकित ग्रीक शिल्पे आज आपल्याला केवळ रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृतींवरून ठाऊक आहेत. ज्या मूळ मूर्ती वाचल्या त्यांतील कित्येक जहाजांबरोबर समुद्रात बुडाल्या म्हणून वाचल्या. आर्टेमिसियनच्या समुद्रात 1926 आणि 1928 मध्ये सापडलेला, इ. स. पू. 460 च्या सुमाराचा, दोन मीटरहून उंच देव पाहा. डावा हात नेम धरल्यासारखा पुढे आहे, उजवा हात फेकीसाठी मागे आहे, आणि हातातले आयुध मात्र हरवले आहे. ते वज्र असेल तर हा देवांचा राजा झ्यूस आणि त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन, असा हा जुना वाद आहे. त्रिशूळ असता तर तो चेहऱ्याच्या आड आला असता, हा मुद्दा बहुतेक अभ्यासकांना पटतो आणि मलाही पटतो. तरीही वडिलांना आधी काही न सांगता मूर्तीभोवती एक फेरी मारू द्या आणि मग त्यांचे मत विचारा.

त्याच समुद्रातून वर आलेला घोडा आणि त्यावरचा लहान स्वार नंतरच्या काळातील, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील आहेत. त्या मुलाच्या कपाळावरच्या आठ्या पाहण्यासाठी थोडे थांबावे.

अँटिकिथेराचे यंत्र चुकवू नये. वादळामुळे आसऱ्याला थांबलेल्या सिमी बेटाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना 1900 मध्ये एक बुडालेले जहाज सापडले, आणि त्यातून निघालेल्या गंजलेल्या गोळ्यात 1902 मध्ये दातेरी चाक दिसले. आज त्याचे 82 तुकडे असून त्यांत 30 चाके ओळखता आली आहेत. सूर्य-चंद्राची स्थिती आणि ग्रहणे दाखवणाऱ्या या यंत्राची एक तबकडी 235 चांद्रमासांची, म्हणजे 19 वर्षांची आहे. 19 वर्षांचे 228 महिने आणि वर सात अधिक. आपल्या पंचांगातही 19 वर्षांत साधारण सातच अधिकमास येतात. इतिहासाच्या शिक्षकांना हे गणित तेथे उभे राहून मांडायला नक्कीच आवडेल.

जुनी_नाणी यांचा प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे. टेकडीवर रिकामे झालेले पार्थेनॉन मंदिर पाहून लगेच खाली यावे, म्हणजे 2009 मध्ये उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाचा वरचा मजला खरा कळतो. कारण ते दालन मंदिराच्याच दिशेने वळवलेले आहे आणि काचेतून मंदिर समोर दिसते. मंदिराची मूळ शिल्पपट्टी 160 मीटरची होती. तिचा मोठा भाग लंडनमध्ये असल्यामुळे येथे मूळ दगड आणि पांढऱ्या प्रतिकृती शेजारी-शेजारी लावलेल्या आहेत, आणि ती उणीव कोणी न सांगताही डोळ्यांना कळते. गुडघ्यांचा विचार केला तरी हेच संग्रहालय सोपे पडेल.

मुखवट्याविषयी वडिलांना आधीच सांगितलेले बरे. हाइन्रिक श्लीमान यांना तो 1876 मध्ये मायसिनी येथील कबरीत सापडला आणि त्यांनी तो अ‍ॅगॅमेम्नॉनचा मानला; परंतु ती कबर इ. स. पू. सोळाव्या शतकातील आहे आणि ट्रॉयच्या युद्धाचा मानला जाणारा काळ त्यानंतर सुमारे तीन शतकांनी येतो. नाव चुकीचे असले तरी वस्तू कमी दर्जाची ठरत नाही. पापण्या, मिशा आणि कोरलेली दाढी पाहिल्यावर हा कोणा एका माणसाचा चेहरा आहे असेच वाटते.

ओतकाम यांचा पुन्हा प्रतिसाद

गुडघ्यांचा मुद्दा मान्य आहे. मात्र अ‍ॅक्रोपोली स्थानकावरून मेट्रोने ओमोनियाला गाडी न बदलता जाता येते आणि पुढे थोडेच चालावे लागते; तेवढेही नको असेल तर टॅक्सी करावी. मुखवटा, कांस्यमूर्ती आणि यंत्र तळमजल्यावरच आहेत. वरच्या मजल्यावरची मातीची भांडी वेळ उरला तरच पाहावीत, कारण त्यांची संख्या इतकी आहे की नवख्याला पंधरा मिनिटांत सगळी सारखीच दिसू लागतात. त्याऐवजी फ्रासिक्लेईया या मुलीच्या समाधीवरील पुतळ्यापाशी थांबा. 1972 मध्ये जमिनीतून निघालेल्या या पुतळ्याच्या वस्त्रावर मूळ रंगाच्या खुणा अजून आहेत. विवाहाऐवजी देवांनी हेच नाव दिल्यामुळे मी सदैव कुमारीच म्हटली जाईन, असे तिच्या चौथऱ्यावर कोरलेले होते. वडिलांना आणखी एक गोष्ट सांगा: दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य येण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी तेव्हा संग्रहालयात असलेले पुतळे तेथल्याच जमिनीखाली पुरून ठेवले होते.

पंचगंगाकाठ यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना सर्व वाचून दाखवले. मुखवट्याचे नाव चुकीचे आहे हे ऐकून ते क्षणभर हिरमुसले. पण पुतळे पुरल्याची हकिगत दोनदा वाचायला लावून त्यांनी राष्ट्रीय संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला. पोसायडनचा विषय निघताच त्यांनी आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाची आठवण काढली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तेथे आहे. रोमशी चालणाऱ्या सागरी व्यापारातून ती येथवर आली. आधी ती पाहायची, मगच विमानात बसायचे, असे ठरले आहे. येत्या रविवारी जात आहोत.