एल्डन रिंगमध्ये पहिला कॅरॅक्टर कुठला घ्यावा? माझं स्पष्ट मत: व्हॅगाबॉंड घ्या आणि ढाल उचला

ढालकरी:
माझ्या मावसभावाने दिवाळीत एल्डन रिंग घेतला आणि आठवड्याभरात सोडून पण दिला, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतंय कारण हा गेम २०२२ पासून मी तीनदा संपवलाय आणि त्याला मीच घ्यायला लावला होता. त्याने काय केलं तर एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हटलं होतं की मॅजिक म्हणजे या गेमचा इझी मोड, म्हणून ॲस्ट्रोलॉजर, म्हणजे जादूगार, घेतला. मग मार्गिटसमोर (किल्ल्याच्या वाटेवरचा पहिला मोठा शत्रू, म्हणजे बॉस) पंचवीस वेळा मेला, आणि लॅपटॉप बंद.

माझं म्हणणं असं की पहिल्यांदा खेळणाऱ्याला ॲस्ट्रोलॉजर सुचवूच नये. त्याचा व्हिगर (जीव किती ते ठरवणारा गुण) ९ असतो, म्हणजे ३९६ एचपी (जीव). व्हॅगाबॉंडचा, म्हणजे चिलखतवाल्या योद्ध्याचा, व्हिगर १५, म्हणजे ५२२ एचपी. हा फरक नुसता आकड्यांचा नाही, त्याचा अर्थ असा की बॉसचा एखादा मोठा फटका खाल्ल्यावर एकजण जिवंत राहून फ्लास्क (औषधाची बाटली) पिऊ शकतो आणि दुसरा मरतो. नवीन माणूस चुका करणार हे ठरलेलंच आहे, मग ज्याला चूक परवडते तोच कॅरॅक्टर द्यावा ना त्याला.

शिवाय व्हॅगाबॉंडकडे पहिल्यापासून लाँगस्वोर्ड आहे, हॅलबर्ड आहे आणि समोरून येणारा फिजिकल वार पूर्ण अडवणारी ढाल आहे. स्ट्रेंग्थ (ताकद) १४ आणि डेक्स (चपळाई) १३ असल्यामुळे दोन्ही हत्यारं लगेच चालतात, काही वाढवावं लागत नाही. ढालीने वार अडवायचा आणि लगेच हेवी अटॅक दाबायचा, त्याला गार्ड काउंटर म्हणतात, एवढं एक जमलं तरी लिमग्रेव्हमधले (गेमचा पहिला भाग) निम्मे शत्रू आटोपतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोर उभं राहिल्यावर शत्रूचा वार कधी येतो ते डोळ्यांना कळायला लागतं, लांबून जादूचे खडे मारणाऱ्याला ते कधीच कळत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्या, नुसतं "आवडेल ते घ्या" म्हणू नका.

ताराबघ्या:
कारण देतो. मी पहिलाच ॲस्ट्रोलॉजर घेतला होता आणि त्याच कॅरॅक्टरने गेम संपवला, तेव्हा "कधीच कळत नाही" हे मला अजिबात मान्य नाही. लांब उभं राहणारा जास्त बघतो उलट, कारण त्याला एक फटका सुद्धा परवडत नाही, तो बॉसचा हात वर जाताना बघतो, किती वेळ वर राहतो ते मोजतो, मार्गिट तर मुद्दाम काठी वर धरून थांबतो आणि तुम्ही घाईत रोल केला (लोळून वार चुकवला) की मारतो, हे मी लांबून बघूनच शिकलो. ढालवाला काय शिकतो सांगू का, ढालीमागे डोळे मिटायला शिकतो. स्टॅमिना (दम) संपला की ढाल फुटते आणि मग त्याला रोलही येत नसतो.

तुझ्या भावाचं काय चुकलं ते मी न बघता सांगतो. तो सरळ किल्ल्याकडे गेला असणार. लेव्हल दहा-बाराला मार्गिटकडे कुठलाही क्लास (सुरुवातीच्या कॅरॅक्टरचा प्रकार) घेऊन गेलास तरी मरशीलच. ॲस्ट्रोलॉजरचा इंटेलिजन्स (जादूसाठी लागणारा गुण) १६ असतो, दोन लेव्हल घेतल्या की १८, आणि १८ ला मिटिओराइट स्टाफ (जादूची काठी) हातात धरता येतो. तो केलिड नावाच्या भागातल्या दलदलीतल्या पडक्या अवशेषांत आहे, टॉरेंट या घोड्यावर बसून सरळ पळत जायचं, कोणाशी लढायचंच नाही, आणि तिथेच खाली तळघरात रॉक स्लिंगचा मंत्र आहे, त्यालाही १८ च लागतो. पहिल्या संध्याकाळी हे होतं. त्यानंतर मार्गिट वेगळाच बॉस वाटतो.

ढालकरी:
@ताराबघ्या बघ, तू जे सांगितलंस ते नवीन माणसाला कसं माहीत असणार? केलिड म्हणजे काय, दलदल कुठे, कुठल्या अवशेषांत काय आहे. हे सगळं माहीत असलं की ॲस्ट्रोलॉजर सोपा आहे. म्हणजे हा दुसऱ्यांदा खेळणाऱ्याचा क्लास झाला, माझाच मुद्दा तू सिद्ध केलास. आणि फ्लास्कचं राहिलं, मंत्र मारणाऱ्याला आधीच मोजके असलेले फ्लास्क लाल (एचपीचे) आणि निळ्यात (जादूचे) वाटावे लागतात, एचपी कमी आणि वरून औषधही कमी.

हिशोबी:
दोघांनाही नम्रपणे सांगतो की क्लासला तुम्ही फार मोठं करताय. आकडे बघा. कुठल्याही क्लासचे आठही स्टॅट्स (व्हिगर, स्ट्रेंग्थ वगैरे गुण) मिळवा आणि त्यातून त्याची लेव्हल वजा करा, उत्तर ७९ च येतं. व्हॅगाबॉंड ८८ वजा ९. ॲस्ट्रोलॉजर ८५ वजा ६. रेच ८० वजा १. म्हणजे कोणाला फुकट काही जास्त दिलेलं नाही, फक्त पैसे वेगवेगळ्या खिशात ठेवलेत.

आता समजा भावाने व्हॅगाबॉंड घेतला आणि पुढे त्याला जादूगारच व्हावंसं वाटलं. मग तोटा किती? जादूगाराला नको असलेले चार स्टॅट धरा, स्ट्रेंग्थ, डेक्स, फेथ, आर्केन. ॲस्ट्रोलॉजरचे त्यात ३६ अडकलेत, व्हॅगाबॉंडचे ४३. फरक सात लेव्हलचा. अख्ख्या गेममध्ये माणूस सव्वाशे-दीडशे लेव्हलपर्यंत जातो, त्यात सात म्हणजे काहीच नाही. पुढे राया लुकारियात (जादूगारांची अकादमी) रेनाला या बॉसला हरवलं की लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन स्टॅट परत वाटताही येतात, फक्त सुरुवातीच्या क्लासच्या खाली जात नाहीत.

तेव्हा खरा प्रश्न पहिल्या पाच-सहा तासांचाच आहे. त्या पाच-सहा तासांपुरतं ढालकरींचं बरोबर वाटतं मला. पुढचं नाही.

रात्रपाळी:
सामुराई!! कोणी नावच घेत नाहीये राव. उचिगाताना पहिल्यापासून हातात, ब्लीड (रक्तस्राव) फुकटात, वर लाँगबो आणि बाण, म्हणजे लांबूनही मारा आणि जवळूनही. व्हिगर १२, एंड्युरन्स १३. मी कॉल सेंटरमधून पहाटे येऊन तास-दीड तास खेळायचो, मला ढालीमागे बसून वाट बघायला वेळच नव्हता, चार-पाच वार बसले की रक्ताचा फवारा उडतो आणि एकदम मोठा तुकडा जातो एचपीचा, त्या एका क्षणासाठी मी महिनाभर खेळलो. आणि ढालकरी भाऊ, मार्गिटच्या त्या सोनेरी हातोडीचं होली डॅमेज (पवित्र जादूचा मार) तुमच्या ढालीतून आत येतंच की. फिजिकल अडतं, होली नाही. त्या बॉससमोर ढाल ठेवून द्या आणि हत्यार दोन्ही हातांनी धरा, स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते.

ढालकरी:
@रात्रपाळी हातोडीचं मान्य. काठीचे वार अडवायचे आणि हातोडीला रोल, मी असंच केलं होतं. पण ते मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, चूक माझी.

सामुराई वाईट नाहीच. फक्त तो इतका सरळ चालतो की माणूस एकच हत्यार घेऊन शेवटपर्यंत जातो आणि बाकी काही करून बघत नाही, एवढीच माझी तक्रार.

आई_आणि_कंट्रोलर:
मी इथे फारसं लिहीत नाही पण आज राहवलं नाही. माझं वय ४७. मुलगा होस्टेलला गेला आणि त्याचं मशीन घरी पडून होतं, म्हणून मागच्या वर्षी सुरू केलं. माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, बटणं पटापट दाबता येत नाहीत. ढालकरी म्हणतात तसं मी आधी व्हॅगाबॉंडच घेतला होता, मुलानेच सांगितलं होतं. वार अडवणं जमायचं पण त्यानंतर लगेच हेवी दाबायचं ते कधी वेळेत व्हायचंच नाही, बोट पोचेपर्यंत संधी गेलेली. दोन आठवडे मी त्या पहिल्या मैदानातच होते.

मग एक दिवस मुलाला न सांगता नवीन कॅरॅक्टर केला, ॲस्ट्रोलॉजर. एक बटण, एक निळा खडा. मग दोन पावलं मागे. माझ्या हाताला झेपेल अशा वेगात मला पहिल्यांदाच लढता आलं. ती एलेहच्या चर्चमध्ये रात्री रेना भेटते ना, तिने दिलेली घंटा वाजवली की तीन लांडगे येतात, ते शत्रूला गुंतवून ठेवायचे आणि मी लांबून मारायची. मार्गिटला मी एकतिसाव्या वेळी हरवलं, लेव्हल २८ ला. रात्रीचे दोन वाजले होते, मी मुलाला फोन केला आणि तो आधी घाबरलाच की घरी काय झालं.

तुम्ही म्हणता नवीन माणसाला चुका परवडल्या पाहिजेत, ते पटलं. पण माझी चूक एचपीने भरून निघणारी नव्हती. मला वेळ हवा होता आणि वेळ मला अंतराने दिला.

ताराबघ्या:
ताई, सलाम तुम्हाला. एवढं छान मला नसतं सांगता आलं.

ढालकरी:
ताई, तुमच्या पोस्टनंतर मी बराच वेळ विचार करत होतो. मी "नवीन खेळाडू" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर मीच असतो, माझे हात, माझा वेग. मनगटाचा विचारच केला नव्हता. "सुचवूच नये" हे वाक्य मी मागे घेतो. ज्याला बटणांचा वेग अवघड जातो त्याला यापुढे मी स्वतः ॲस्ट्रोलॉजर सांगेन.

बाकीच्यांसाठी मात्र मत तेच आहे.

लंगोटी_आणि_सोटा:
सगळे सोय बघताय. रेच घ्या म्हणतो मी. लेव्हल १, सगळे स्टॅट दहा, अंगावर कपडे नाहीत, हातात एक सोटा. मी पहिल्यांदा खेळलो ते असंच, आणि मला जे जे मिळालं ते सगळं मी शोधून मिळवलं होतं म्हणून त्याची किंमत वाटली. पहिली तलवार मिळाली, पहिलं शिरस्त्राण मिळालं, प्रत्येक गोष्टीचा आनंद. व्हॅगाबॉंडला पहिल्याच मिनिटाला अख्खं चिलखत देतात, मग पुढच्या पेटीत निघालेल्या चिलखताचं काय अप्रूप?

हिशोबी:
@लंगोटी_आणि_सोटा भावना पोचली, पण ज्याने आठवड्यात गेम सोडलाय त्याला रेच देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं आहे. काहीजण तरतात, खरं आहे. पण बरेचजण परत विहिरीकडे फिरकतही नाहीत.

पडद्यामागचा_सोंगाड्या:
मला मुळात हा आकड्यांवरून कॅरॅक्टर निवडायचा प्रकारच पटत नाही. मी बाल्डर्स गेट ३ या गेमवरून इकडे आलो, तिथे बारा क्लास आहेत आणि क्लासप्रमाणे बोलण्याचे पर्याय बदलतात, बार्ड असलात तर बार्डसारखं बोलता येतं, पॅलाडिन असलात तर शपथ मोडू शकते. तिथे क्लास म्हणजे माणूस आहे. आणि तिथेही शंभर गोल्ड दिले की विदर्स नावाचं पात्र क्लास बदलून देतं, म्हणजे चुकीची भीतीच नाही. एल्डन रिंगमध्ये तुमचा क्लास कोणी विचारतही नाही हे मान्य, पण म्हणूनच तो माणूस कोण आहे ते खेळणाऱ्याने मनात ठरवायला हवं ना. माझा कन्फेसर क्लास होता. ढाल, तलवार आणि थोडी प्रार्थना, असा एक थकलेला भिक्षू मी मनात धरला होता आणि चाळीस तासांनी एखादं चांगलं हत्यार मिळालं तरी "हा हे वापरणार नाही" म्हणून सोडून द्यायचो. मला त्यात गेम सापडला.

ढालकरी, तुमच्या भावाला कोणी विचारलं का, तुला काय व्हायचंय म्हणून?

ढालकरी:
@पडद्यामागचा_सोंगाड्या नव्हतं विचारलं. तुमची पोस्ट वाचून काल रात्री फोन केला.

तर झालंय असं. त्याला जादूगार व्हायचंच नव्हतं. ट्रेलरमधला तो मोठी तलवार खांद्यावर टाकून चालणारा माणूस बघून त्याने गेम घेतला होता. मग व्हिडिओ बघितला, व्हिडिओवाल्याने ॲस्ट्रोलॉजर सांगितला म्हणून तो घेतला, आणि जे त्याला आवडतच नव्हतं ते करत पंचवीस वेळा मेला. मी पण त्याला व्हॅगाबॉंड घे म्हणणारच होतो, म्हणजे व्हिडिओवाल्याच्या जागी मी.

आता त्याने हीरो हा क्लास घेतलाय. स्ट्रेंग्थ १६, व्हिगर १४. मी एवढंच सांगितलं की कीपसेकमध्ये (सुरुवातीला निवडायची एक वस्तू) गोल्डन सीड घे, एक फ्लास्क वाढतो, आणि व्हिगर चाळीस होईपर्यंत दर दोन लेव्हलमागे एक तिकडे टाकत जा. ढालीबद्दल एक शब्द बोललो नाही, आणि ते मला जड गेलं, कारण अजूनही मला वाटतं की त्याने ती घ्यावी.

रात्रपाळी:
मग? मार्गिट?

ढालकरी:
मार्गिट लांब राहिला, बाहेर पडल्या पडल्या तो घोड्यावरचा सोनेरी ट्री सेंटिनेल दिसला आणि हा त्यालाच भिडला. आत्ता नऊ वेळा मेलाय. मी म्हटलं अरे त्याला सोडून पुढे जा, नंतर ये, तर म्हणतो नाही दादा, आज नाही सोडणार.

आई_आणि_कंट्रोलर:
त्याला सांगा आधी चर्चजवळच्या ग्रेसवर (विसाव्याची जागा) जाऊन बसायला, म्हणजे मेल्यावर फार लांबून यावं लागणार नाही. आणि जिंकला की इथे लिहा, मी वाट बघतेय.