सल्ला हवा: आर्थर राजावरच्या इंग्रजी कविता, सुरुवात कुठून करू?

अबोली
मे महिन्यात लेकीकडे लंडनला गेले होते. टेट ब्रिटन या कलादालनात वॉटरहाउस या चित्रकाराचं १८८८ सालचं एक चित्र पाहिलं आणि समोरून हलवेना. होडीत बसलेली पांढऱ्या कपड्यांतली बाई, हातात होडीची साखळी, पुढ्यात तीन मेणबत्त्या, त्यांतली एकच पेटलेली. चित्र टेनिसन या इंग्रज कवीच्या कवितेवरून काढलंय असं कळलं. घरी येऊन त्याची दंतकथेतल्या आर्थर राजावरची बारा आख्यानं उघडली, पण पहिल्याच आख्यानात अडकले. इंग्रजी कादंबऱ्या वाचते, कविता मात्र कॉलेजनंतर आत्ताच हातात घेतेय. कुठून धरू? आणि आधी मूळ कथा वाचायलाच हवी का?

जुनीवही
अबोलीताई, ती बारा आख्यानं सध्या मिटून ठेवा. तुमच्या चित्रातली बाई त्यात नाहीच. ती 'द लेडी ऑफ शॅलॉट' या वेगळ्या, छोट्या कवितेतली. टेनिसनने ती आधी १८३२ मध्ये छापली आणि १८४२ मध्ये बरीच बदलली, १८४२चीच वाचा. आणि मनात नको, मोठ्याने वाचा. नऊ ओळींचं कडवं. बहुतेक कडव्यांत पाचव्या ओळीच्या शेवटी कॅमेलॉट (आर्थरची राजधानी), नवव्याच्या शेवटी शॅलॉट (त्या बाईचं बेट). दोन-तीन कडव्यांत ते पालुपदासारखं जिभेवर बसतं.

मग 'मॉर्त द आर्थर'. १८३३ मध्ये टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक गेला, अवघा बावीस वर्षांचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत टेनिसनने ही कविता लिहायला घेतली, आणि राजाचं नावही आर्थरच. घायाळ राजा आपल्या बेडिव्हिअर या सरदाराला सांगतो, माझी तलवार तळ्यात टाकून ये. मुठीवरची रत्नं पाहून त्याचा हात धजत नाही. दोनदा तो ती लव्हाळ्यात लपवून परत येतो. काय दिसलं, असं राजा विचारतो, तर म्हणतो, लव्हाळ्यात पाणी चुबुकचुबुक करत होतं, बाकी काही नाही. मरणाऱ्या माणसाशी तो खोटं बोलतोय ते लोभापायी नाही. राजामागे त्याची एवढी तरी खूण उरावी म्हणून. मी हे दर पावसाळ्यात वाचतो.

मूळ कथा म्हणजे मॅलरी या लेखकाचा गद्य ग्रंथ, कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ मध्ये छापलेला. नंतर वाचलात तरी चालेल. १६३४ नंतर थेट १८१६ पर्यंत इंग्लंडात त्याची एकही नवी आवृत्ती निघाली नव्हती. तो पुन्हा सहज मिळू लागला तेव्हा टेनिसनची पिढी शाळकरी होती.

कोरडा_ओढा
जुनीवहींशी सहमत, पण नुसता टेनिसन वाचून थांबू नका. १८५९च्या आख्यानांत आर्थरची राणी ग्विनिव्हिअर मठात आर्थरच्या पायाशी लोळण घेते आणि तो उभ्याउभ्या भलंमोठं भाषण करून तिला क्षमा करतो. मला तो प्रसंग आजही सहन होत नाही. त्याच्या एकच वर्ष आधी विल्यम मॉरिसने 'द डिफेन्स ऑफ ग्विनिव्हिअर' लिहिली. तो तेव्हा चोविशीत होता आणि पुस्तक फारसं खपलं नाही. त्याची राणी परपुरुषाशी संबंधाचा आरोप करणाऱ्या सरदारांपुढे ताठ उभी राहून स्वतः बोलते. म्हणते, समजा तुम्ही मरायला टेकला आहात, पायथ्याशी देवदूत येऊन दोन कापडं पुढे करतो, एक निळं, एक तांबडं. एकात स्वर्ग, एकात नरक, कशात काय ते सांगणार नाही. तुम्ही निळं निवडता, कारण आभाळाचा रंग निळा. आणि तोच नरक निघतो. लग्न झालं तेव्हा मला तरी काय ठाऊक होतं, हे त्या बाईने यापेक्षा चांगलं कसं सांगावं?

सायली_पुणे
मॅथ्यू आर्नल्डची 'ट्रिस्ट्रम अँड इझल्ट' (१८५२) राहिली. शेवटचा भाग तरी वाचाच. प्रेमकथा संपलेली असते आणि उरते ती नवऱ्याने कधी मनापासून न वरलेली दुसरी इझल्ट, समुद्रकाठी मुलांना गोष्ट सांगत. स्विनबर्न हा कवी मागाहून बघा, फार दाट आहे.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शॅलॉट मोठ्याने वाचली, दोनदा. ती जग ज्यात बघते तो आरसा तडकतो तिथं आवाज बसला माझा. एक गोष्ट लक्षात आली. कवितेत तिचं विणकाम खिडकीतून उडून जातं. ती ते बरोबर घेते असं कुठंच नाही. चित्रात मात्र ते होडीवर अंथरलेलं आहे, कड पाण्याला टेकलेली. वॉटरहाउसने ते तिला परत दिलं. आज बेडिव्हिअर वाचते.