केवलमूल्य, निरपेक्ष मूल्य की नुसतं ‘मॉड’?

देवगडहून प्रश्न : मुलगी नववीत, मराठी माध्यमात. पुस्तकात |क्ष| ला केवलमूल्य किंवा निरपेक्ष मूल्य म्हटलंय, शिकवणीचे सर ‘मॉड’ म्हणतात. यातला ‘केवल’ म्हणजे आपला रोजचा ‘केवळ’च का? तिनं तसाच अर्थ लावला. |क्ष − ३| = ५ मधल्या रेघा पुसल्या, क्ष = ८ लिहिलं आणि मोकळी झाली.

रत्नागिरी : शब्द तोच, पण इथे संस्कृतातला ‘एकटा, सुटा’ हा अर्थ घ्यायचा. व्याकरणातलं केवलप्रयोगी अव्यय आठवा : ‘अरेरे!’, ‘शाब्बास!’ वाक्याशी नातं न ठेवता सुटं उभं राहतं. तशी इथे संख्या चिन्हापासून सुटी. ‘निरपेक्ष’ म्हणजे कशावर अवलंबून नसलेलं, ‘सापेक्ष’च्या उलट, अर्थ एकच. माझं मत केवलमूल्याला, कारण निरपेक्ष म्हटलं की पोरांना धर्मनिरपेक्ष आठवतं. ‘मॉड’ मात्र टाळा. संगणकवाले बाकी काढण्यालाही मॉडच म्हणतात (१७ मॉड ५ म्हणजे २). ‘मॉड’ ज्याचं लघुरूप, त्या मॉड्युलसचा मराठी शब्द ‘मापांक’ही नववीत नको, तो पुढे संमिश्र संख्यांना आणि भौतिकशास्त्रात यंगच्या मापांकाला लागतो. त्या उभ्या रेघा जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांच्या, १८४१ च्या.

कणकवली : शब्द खंयचोय घेवा, अर्थ ‘अंतर’ असो सांगा. गाडी हायवेर बंद पडली आणि कोणी फोनवर ‘कणकवलीपासून पाच किलोमीटरवर’ म्हटल्यान, तर आपण पयलो काय इचारतो? कसालाच्या बाजूक की नांदगावाच्या? झाला तर. कणकवली ३ वर धरा : ८ एका बाजूक, −२ दुसऱ्या बाजूक. दोनय उत्तरा.

चिपळूण : अगदी. ‘चिन्ह काढून टाका’ हे वाक्य फळ्यावरून हद्दपारच केलं पाहिजे. संख्या समोर असेल तर चालतं, −७ चं ७. अक्षर आलं की फसतं. क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष, आणि इथे ‘उणे क्ष’ धन आहे! मुलं हमखास अडतात ती इथेच. उणं दिसलं की संख्या ऋणच, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. क्ष = −४ घालून दाखवा, −(−४) = ४, मग पटतं.

दुसरं असं की अंतर ऋण नसतं, म्हणून |क्ष + ४| = −३ ला उकलच नाही. आणि उजवीकडेही क्ष असेल तर ताळा अनिवार्य. |क्ष − २| = २क्ष − १ घ्या. क्ष − २ = २क्ष − १ वरून क्ष = −१ येतं, पण मग उजवी बाजू −३ होते, बाद. क्ष − २ = −(२क्ष − १) वरून क्ष = १; दोन्ही बाजू १. उकल एकच. ताळ्याशिवाय दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्याचे गुण मी कापतो, मग पालकांनी कितीही तक्रार करू दे.

देवगड : अंतर म्हटल्यावर −२ तिनं स्वतःच काढलं. आता हे मोठ्यानं वाचायचं कसं? ‘क्ष वजा तीनचं केवलमूल्य’ म्हटलं, तर तिनं क्ष − |३| लिहिलं.

रत्नागिरी : ती चुकली नाही हो, मराठीत ‘चं’ जवळच्या शब्दाला चिकटतं. आमच्याकडे वर्गात ‘क्ष वजा तीन, या सगळ्याचं केवलमूल्य’ असं म्हणतात. लांब होतं, पण रेघा कुठे सुरू आणि कुठे बंद ते ऐकू येतं. क्ष − |३| साठी ‘क्ष वजा, तीनचं केवलमूल्य’, वजानंतर थांबून.

चिपळूण : आणि तोंडी परीक्षेत सरळ ‘क्षचं तीनपासूनचं अंतर पाच’. मी पूर्ण गुण देतो.