५० मीटरवर ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) उभा ताणतोय: सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) .२२ मध्ये नेमकं काय बघायचं?

हौशी_प्रोन
बोल्ट रायफल, बॅरल (नळी) २६ इंची, ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) १६ इंचांना एक फेरा. रेस्टवरून (टेकूवरून) ५० मीटर. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा (सबसॉनिक) एक लॉट (कारखान्यातली एक खेप) १० शॉट्सना १४ मिमीत बसतो. त्याच ब्रँडचा, अगदी तसल्याच डबीतला दुसरा लॉट २२ मिमी, आणि ताण सगळा उभा. आडवा जेमतेम १०. हाय व्हेलॉसिटी (ध्वनीपेक्षा वेगवान) लावली तर आडवाही पसरतो. गोळी सगळीकडे ४० ग्रेन (वजनाचं माप) शिशाचीच. मग फरक कशाचा? ६० ग्रेनची जड सबसॉनिक वाऱ्यात बरी पडेल का?

दहा_पॉइंट_नऊ
उभा ग्रुप दिसला की आधी वेगावर संशय घ्यायचा. मॅचची गोळी नळीतून साधारण ३२७ मी/से ने निघते, ५० मीटरला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १२ सेंमी खाली येते. एखादी १० मी/से ने हळू निघाली की आणखी ७-८ मिमी खाली. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिमीचं आहे, म्हणजे एवढ्यातच गणित बिघडलं.

वेग हलतो कशाने? रिमफायरमध्ये (पिन कडेवर आपटते ती काडतुसं, .२२ त्यातलीच) प्रायमिंगचा म्हणजे ठिणगीचा मसाला ओला असताना केस (काडतुसाचं धातूचं कवच) गरगर फिरवून रिमच्या, म्हणजे कडेच्या, पोकळीत पसरवतात. तो सगळीकडे सारखा बसला नाही तर पिन जिथे आपटेल तिथली ठिणगी दर राउंडला वेगळी. शिवाय क्रिंपची (केसचं तोंड गोळीवर आवळतात त्याची) पकड आणि गोळीवरचं मेण. पावडर इतकी थोडी असते की या तिन्हींचा परिणाम थेट वेगावर दिसतो.

दुसऱ्या लॉटचे २० राउंड क्रोनोग्राफवरून (वेगमापकावरून) सोडा. सर्वात वेगवान आणि सर्वात हळू यांत १० मी/से च्या आत फरक असेल तर दोष दुसरीकडे शोधा. १५ च्या वर गेला तर तो लॉट सरावाला ठेवा, मॅचला नको.

वारा_बघ
हाय व्हेलॉसिटीचं थोडक्यात. वारा गोळीला किती ढकलतो हे उड्डाणाच्या वेळेवर नाही, हवेने तिला किती उशीर केला यावर ठरतं. ३८० मी/से ने निघालेली गोळी ध्वनीच्या वेगाजवळच उडते आणि तिथेच हवेचा अडथळा सर्वात जास्त. ४ मी/से च्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरला सबसॉनिक साधारण २ सेंमी सरकते, हाय व्हेलॉसिटी ३ सेंमी. जोरात सोडून तोटाच.

ध्वनीचा वेग तापमानावर असतो: १० अंशांना ३३७, ३८ अंशांना ३५४ मी/से. म्हणून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर मे महिन्यात निमूट सबसॉनिक राहणारा थोडा तेज लॉट जानेवारीच्या पहाटे 'टाच्' असा फुटायला लागतो. तो आवाज आला की समजायचं, गोळी ध्वनीचा वेग ओलांडतेय.

हील_बघा_आधी
गोळीच्या बांधणीबद्दल कुणी बोललं नाही. .२२ लाँग रायफलची गोळी 'हील्ड' असते: बाहेर दिसणारा भाग केसइतक्याच व्यासाचा आणि मागचं बारीक बूड केसमध्ये. त्यामुळे मेण उघड्यावर असतं, धूळ धरतं, हाताला लागतं. नाकावर ओरखडा आला तर फारसं बिघडत नाही, बूड तिरकं झालं तर बिघडतं. नळी सोडताना बूड शेवटी सुटतं. एका बाजूने वायू आधी निसटला की गोळीला धक्का बसतो आणि फ्लायर (ग्रुपबाहेरचा शॉट) जातो. म्हणून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) राउंड सरळ सरकवा, तिरका दाबू नका. केसमध्ये गोळी किंचित कलली तरी बूड वाकतं.

तांब्याच्या रंगाला भुलू नका. तो नुसता मुलामा आहे, जॅकेट (गोळीवरचं जाड धातूचं वेष्टण) नव्हे.

६० ग्रेनचं विसरा. वजन वाढलं की गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते. अग्विला कंपनीच्या ६० ग्रेन एसएसएस राउंडला ९ इंचांना एक फेरा असलेली नळी हवी. तुमच्या १६ च्या नळीतून ती डळमळत जाईल, कागदावर गोल भोकाऐवजी आडवी किल्लीची खाच दिसेल.

हौशी_प्रोन
म्हणजे ब्रँड नाही, लॉट निवडायचा. चाचणी कशी घ्यावी? दोन्ही लॉट आलटून पालटून मारत होतो.

दहा_पॉइंट_नऊ
तिथेच घोळ आहे. नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा थर असतो. ब्रँड बदलला की पहिले १५-२५ शॉट मोजायचे नाहीत, नवा थर बसू द्या. मग प्रत्येक लॉटचे १० शॉट्सचे चार ग्रुप, एकाच सकाळी, मधे नळी न पुसता. ५ शॉट्सचा ग्रुप फसवतो. चारांपैकी सर्वात वाईट ग्रुप बघून लॉट ठरवा, सर्वात चांगला बघून नव्हे. एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफलची नळी व्हाइसमध्ये आवळून हेच करतात, आणि एकाच दर्जाच्या लॉटांमध्येही एका नळीला एक आवडतो, दुसरीला दुसरा.

हील_बघा_आधी
एक भर. चांगला लॉटही अचानक उभा ताणायला लागला तर चेंबरच्या तोंडाशी, रायफलिंग (नळीतल्या खाचा) सुरू होतं तिथे, काजळी आणि मेणाचं कडं जमलंय का बघा. ब्रॉन्झ ब्रशचे चार फेरे चेंबरच्या बाजूने, मग कोरडी पॅच (कापडाचा तुकडा). डब्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण वितळून एका बाजूला ओघळतं आणि मग कुठलाच लॉट धड चालत नाही.