अंधेरी पूर्वेला मुलीची नोकरी: राहायचं डोंबिवलीत, पार्ल्यात की आणखी कुठे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मुलीला मुंबईत पहिली नोकरी लागली आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळला. वेळ साडेनऊ ते साडेसहा. महिन्याच्या शेवटी आठ-साडेआठ वाजतील असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. एक तारखेला हजर व्हायचं आहे.

माझी मुंबई म्हणजे लग्नकार्यापुरती. महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरायचं, टॅक्सी करून हॉलवर जायचं, अक्षता टाकून रात्रीच्या गाडीने परत. आता मोबाईलवर नकाशा उघडून बसलोय आणि जितका बघतोय तितका गोंधळ वाढतोय.

डोंबिवली पूर्वेला तिचा मामा राहतो. खोली आहे, घरचं जेवण आहे, मामा म्हणतो पैशाचं नावही काढू नका. पण नकाशावरचं अंतर बघून मलाच दम लागतो. दुसरी जागा विलेपार्ले पूर्वेला, एका आजींकडे. कॉट बेसिस, एका खोलीत तीन मुली, महिना १२ हजार, जेवणाचं आपलं आपण, रात्री दहाला दार बंद. तिथून ऑफिस हाकेच्या अंतरावर दिसतं, मध्ये फक्त विमानतळ आहे. आणि एक एजंट वर्सोव्याला जागा दाखवतो म्हणतोय. 'तेही अंधेरीच हो' म्हणाला. तो मला बनवतोय का?

पगार हातात ३२ हजार. मुलगी म्हणते मैत्रिणींबरोबर राहते, तिची आई म्हणते मामाकडेच. येत्या रविवारी येऊन जागा बघून जाईन म्हणतो. काय बघू, कशावरून ठरवू?

तलावाकाठचा

पवई बघा साहेब. मरोळपासून जवळ, मोकळी हवा, तरुण मुलांची वस्ती. भाडं जास्त आहे, पण मुलीला आवडेल. डोंबिवलीच्या भानगडीत पडू नका.

आठ_सतराची_फास्ट

काका, आधी ते रविवारचं रद्द करा. रविवारी मुंबई बघून घर ठरवणं म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी बघून स्थळाचा स्वभाव ठरवणं. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, त्यामुळे रोजच्या गाड्या दिसणार नाहीत आणि रोजची गर्दीही दिसणार नाही. सोमवार-मंगळवार धरून या. ज्या घराचा विचार आहे तिथून सकाळी साडेनऊला पोचता येईल अशा बेताने लेकीला घेऊन निघा, ऑफिसच्या दारापर्यंत जा. मग दिवसभर कुठेही काढा आणि साडेसहाला तोच रस्ता उलटा करा. उलटा नक्की करा, का ते पुढे सांगते.

किलोमीटरही विसरा. कुठली लाइन, किती ठिकाणी बदलायचं, आणि आपण चढतो तेव्हा गाडी रिकामी असते की भरून आलेली, एवढंच इथे विचारायचं. ही शहराची रचनाच तशी आहे. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, सगळ्या लाइनी उभ्या. आडवं जायला फार थोडे रस्ते. २०१४ मध्ये घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तोवर आम्हा सेंट्रलवाल्यांना अंधेरी म्हणजे परदेश होता. दादरला जाऊन गाडी बदलून पुन्हा वर यायचं, नाहीतर घाटकोपरहून बस धरून साकीनाक्याच्या सिग्नलला विणकाम काढायचं. मी दोन स्वेटर पूर्ण केलेत तिथे.

आता तुमचं मरोळ. मरोळ नाका हे त्याच मेट्रोवरचं स्टेशन, घाटकोपरहून चौथं: जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका. त्याच्याच खाली भुयारी मेट्रो ३ आहे, आरेपासून कफ परेडपर्यंतची. ऑक्टोबर २०२५ पासून ती पूर्ण चालू झाली. ऑफिसला फोन करून 'जवळचं मेट्रो स्टेशन कुठलं' एवढं विचारा. मरोळ म्हणतात त्या भागातली काही ऑफिसं भुयारी मेट्रोच्या पुढच्या स्टेशनला, एमआयडीसी-अंधेरीला, जवळ पडतात.

मग जागा. पवईला रेल्वे स्टेशन नाही. नकाशात मरोळ शेजारी दिसतं, पण सकाळी जेव्हीएलआरला, म्हणजे जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडला, रिक्षात बसून बघा, मेट्रो ६ चं काम त्याच रस्त्यावर चालू आहे. तलावाकाठच्यांनी रागावू नये, ज्यांचं ऑफिसही पवईत आहे त्यांच्यासाठी पवई उत्तम.

वर्सोवा हसण्यावारी नेऊ नका. एजंट तुम्हाला बनवत नाहीये. वर्सोवा हे त्याच मेट्रोचं दुसरं टोक, गाडी तिथूनच सुटते, बसायला मिळतं आणि कुठेही न बदलता मरोळ नाका येतं. फक्त जागा मेट्रो स्टेशनपासून चालत आहे का ते बघा. यारी रोडला किंवा वर्सोवा गावात घर मिळालं तर स्टेशन गाठायलाच रोज रिक्षा. मुंबईत रिक्षा बसल्याबसल्या २६ रुपये. शिवाय तिथली भाडी ३२ हजारांत जरा अवघडच.

डोंबिवलीबद्दल मी बोलते, कारण मी तिथलीच. फास्ट लोकलने घाटकोपर, पुलावरून मेट्रो, की मरोळ. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा. सकाळी कल्याणच्या पलीकडून येणारी गाडी भरूनच येते, म्हणून डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलच्या वेळा पाठ करायच्या. सकाळ जमते. घाटकोपरला उतरायची तर काळजीच नको, निम्मा डबा मेट्रोसाठी तिथेच उतरतो, लोक आपल्याला घेऊन उतरतात. खरी परीक्षा संध्याकाळी. सातच्या सुमाराला घाटकोपरला कल्याणची फास्ट येते ती सीएसएमटीपासून, म्हणजे लाइनच्या मुंबईकडच्या टोकापासून, भरलेली, आणि फलाटावर मेट्रोतून उतरलेली ही एवढी गर्दी. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात दोन-तीन गाड्या सोडून द्याव्या लागतील, तेव्हा रडूही येईल. म्हणून म्हटलं, संध्याकाळी करून बघा.

माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने मामाकडे आणि तेवढ्यात मुलीने स्वतः घाटकोपर किंवा मुलुंडला मैत्रिणींबरोबर जागा शोधावी. घाटकोपरला मेट्रो रिकामी लागते, एक गाडी सोडली की खिडकी. मुलुंडहून ठाण्याहून सुटलेली स्लो धरली तर घाटकोपर पाच स्टेशनं, उभं राहिलं तरी श्वास घेता येतो. सांगलीत बसून बापाने निवडलेल्या जागेपेक्षा दोन महिने फिरलेल्या मुलीने निवडलेली जागा बरी निघते.

आणि जरा आगाऊपणे विचारते. तुमच्या लिहिण्यात मामा दोनदा-तीनदा आलाय. मामीला विचारलंत का? पहाटे पाचला उठून डबा तिलाच करायचा आहे.

हनुमान_रोड

पार्ल्याबद्दल लिहितो. आठ सतरा ताईंचं बरंचसं पटलं, पण पार्ल्याला त्या विसरल्या.

पार्ल्याहून मरोळला दोन रस्ते. लोकलने एक स्टेशन अंधेरी, तिथून मेट्रोने मरोळ नाका चौथं. ऐकायला सोपं, पण एका स्टेशनासाठी अंधेरीच्या पुलावरची गर्दी सोसायची. दुसरा, सहार रोडने थेट रिक्षा. आमच्याकडच्या मुली तिघीचौघी मिळून रिक्षा करतात, ते परवडतं. विमानतळ मध्ये आहे म्हणजे वळसा आहेच, नकाशावरच्या सरळ रेषेवर जाऊ नका. फायदा असा, की हा प्रवास पूर्वेच्या पूर्वेला होतो. पावसात अंधेरीचा सबवे, रुळांखालून जाणारा रस्ता, तुंबला की पूर्व-पश्चिम तुटतं. वर्सोव्याचं बिऱ्हाड मेट्रोच्या भरवशावर राहतं, तुमची मुलगी अगदीच वेळ आली तर चालतसुद्धा घरी येईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा आमच्या घरी रात्री अनोळखी अकरा माणसं जेवून झोपली होती. सगळी ऑफिसातून चालत निघालेली.

आजींकडे गेलात की खोली नंतर बघा, आधी हे विचारा: दहाच्या नियमात महिनाअखेरीची सूट आहे का, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, कपडे कुठे वाळत घालायचे, सकाळी स्वयंपाकघरात चहा तरी करता येईल का. डिपॉझिट दिलंत तर लेखी पावती घ्या आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं तेही त्यावर लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायला आजी तयार नसतील तर तिथूनच नमस्कार करा. जेवणाची काळजी नको, पार्ले पूर्वेला पोळी-भाजी केंद्रं पावलोपावली आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. रविवारचं रद्द केलं, सोमवारच्या महालक्ष्मीचं तिकीट काढलंय, मंगळवारी पहाटे कल्याणलाच उतरून मामाकडे जाऊ.

मामीचं वाचून मी गप्पच झालो. बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, 'मी हेच म्हणत होते.' ती असं काही म्हणत नव्हती, पण असो. काल मामीला स्वतः फोन केला. ती म्हणाली, या हो खुशाल, पण डबा मी रोज देणार नाही, मलाही सकाळची शाळा आहे. पोळ्या तिच्या तिने लाटाव्यात. मला हे उत्तर फार आवडलं.

आता एकच शंका. साडेआठला ऑफिस सुटलं तर डोंबिवलीला पोचेपर्यंत दहा. ते कितपत ठीक?

आठ_सतराची_फास्ट

मामी झकास आहे. तिला माझा नमस्कार सांगा.

दहा म्हणजे डोंबिवली स्टेशनबाहेर भाजीवाले अजून बसलेले असतात. लेडीज डबा सोडायचा नाही, रात्री त्यात पोलीस असतो. डबा रिकामा दिसला तर जिथे बायका बसल्यात तिथे जाऊन बसायचं, खिडकीच्या मोहाने एकटं टोकाला बसायचं नाही. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. पहिले काही दिवस मामाने स्टेशनवर यावं, मग ती स्वतःच 'येऊ नका' म्हणेल.

नवीन_सभासद_मरोळ

मीच ती मुलगी. बाबांनी इथे धागा काढलाय हे मला आत्ता कळलं.

आठ सतरा मावशी, मला फक्त एक सांगा. मला दिशा अजिबात कळत नाहीत. सांगलीत सगळं गणपती मंदिराच्या अलीकडे नाहीतर पलीकडे असतं. घाटकोपरला चुकीच्या बाजूला उतरले तर?

आठ_सतराची_फास्ट

ये बाई. इथेही तसंच आहे, फक्त गणपती मंदिराच्या जागी रेल्वेचे रूळ. रुळांच्या एका बाजूला पूर्व, दुसऱ्या बाजूला पश्चिम, सूर्याकडे बघायचं कारण नाही. पत्ता विचारताना आधी स्टेशन, मग पूर्व की पश्चिम, मग जवळचा नाका, डेपो किंवा सिग्नल. नुसतं 'अंधेरीला जायचंय' म्हटलंस तर रिक्षावाला पुढचा प्रश्न 'ईस्ट की वेस्ट' हाच विचारेल. आणि दादर-परळकडे गेलीस तर रिक्षा शोधू नकोस. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षाच नाहीत, टॅक्सी किंवा बेस्टची बस.

फलाटावर इंडिकेटरवर बघायचं: शेवटचं स्टेशन, वेळ, डबे बारा की पंधरा, आणि एफ की एस. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. घाटकोपरला फास्टही थांबते, त्यामुळे सकाळी सीएसएमटीकडे जाणारी कुठलीही चालेल. लेडीज डबा कुठे येतो ते फलाटावर रंगवलेलं असतं, तिथे आधीच जाऊन उभी राहा. गाडी आल्यावर पळायचं नाही. विक्रोळी गेलं की पुढे सरकायला लाग आणि पुढचीला विचार, 'घाटकोपर?' ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभी राहा, नाही म्हणाली तर जागा बदलून घे. हा रोजचा शिरस्ता आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. उतरल्यावर बाहेर रस्त्यावर जायचंच नाही. पुलावर चढ आणि मेट्रोच्या पाट्या बघत जा, पूल थेट मेट्रोत जातो. परत येतानाही तसंच.

केस बांधून ये, ओढणी असेल तर कमरेला खोच, आणि बॅग पाठीवर नाही, पोटावर. मंगळवारी सकाळी कुठली गाडी धरणार आहेस ते इथे लिही. आठ सतराच धरणार असशील तर मधल्या लेडीज डब्यात दुसऱ्या दाराशी मी असते, हिरवी पिशवी.

नवीन_सभासद_मरोळ

आठ सतराच. पण बाबा बरोबर आहेत, त्यांनी कुठे चढायचं?

आठ_सतराची_फास्ट

त्यांना जेंट्सला चढू देत. त्यांनी विचारलं होतं ना, काय बघू म्हणून.